तेलाच्या हातांनी टॅब चालत नाही

पत्र थोडक्यात: लेखिका ३४ वर्षांच्या आहेत. हॉटेल मॅनेजमेंटची पदवी, मग ११ वर्षं फ्रंट ऑफिस, सध्या लोणावळ्याजवळच्या एका ६२ खोल्यांच्या रिसॉर्टवर ड्यूटी मॅनेजर. महिन्याला दहा-बारा नाइट, सणावाराला सुट्टी नाही. नवरा पुण्यात बँकेत, मुलगी सहा वर्षांची, तिचं सगळं सासूबाई बघतात. रिसॉर्टवर चार खोल्यांचा स्पा आहे आणि मालकांना आता त्याचं ‘वेलनेस रिट्रीट’ करायचंय. त्यावरून यांच्या मनात आलं की नोकरी सोडावी, १ लाख ८० हजारांचा ‘इंटरनॅशनल वेलनेस कन्सल्टंट’ हा ऑनलाइन डिप्लोमा करावा आणि हॉटेलांना टेक्नॉलॉजी आणि वेलनेस असा दोन्हींचा सल्ला देणारी स्वतःची फर्म काढावी. पण कोडिंग येत नाही, वेलनेसमधलं काही शिक्षण नाही, आणि सासरे म्हणतात की हॉटेलची हौस पुरे झाली, बीएड कर आणि शाळेत लाग. डिप्लोम्याचा पहिला हप्ता या महिनाअखेर भरायचा आहे. भरू का?

तुमचं पत्र साडेतीन पानांचं आहे आणि त्यातली तीन पानं तुम्हाला काय येत नाही याचीच आहेत. जे येतं ते तुम्ही एका वाक्यात उरकलंय, तेही कंसात: ‘(तसं मागच्या वर्षी नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा तीन रात्री बसून जुने बॅलन्स मीच जुळवले होते.)’ पत्र वाचताना मी या कंसापाशी थांबले आणि चहा गार झाला.

ज्यांनी हॉटेलात काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दुकानाचं सॉफ्टवेअर बदलायचं तर रविवारी शटर ओढून बदलता येतं. हॉटेल बंद होत नाही. चाळीस खोल्यांत माणसं झोपलेली असतात. कुणाचा अॅडव्हान्स जमा आहे, कुणाचं बिल कंपनीच्या नावे जायचंय, कुणी रात्रीचं जेवण खोलीवर टाकलंय, कुणाला लेट चेक-आउट तोंडी कबूल केलंय. जुन्या सिस्टिममध्ये डे क्लोज करायचा, म्हणजे त्या दिवसाचा हिशेब बंद करायचा, प्रत्येक चालू फोलिओची (पाहुण्याच्या खात्याची) बाकी काढायची, ती नव्या सिस्टिममध्ये चढवायची आणि सकाळी सहाला पहिला पाहुणा बॅग घेऊन काउंटरवर आला की त्याच्या हातात बरोबर बिल द्यायचं. कराचा एक कोड चुकला तर अकाउंट्सवाले पुढचे तीन महिने तुमच्या नावाने बोटं मोडतात.

या कामाला बाजारात नाव आहे. त्याला इम्प्लिमेंटेशन म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो. तुम्ही ते ड्यूटीच्या वर, फुकट केलंत आणि पत्रात कंसात घातलंत.

तेव्हा पहिली समजूत बाजूला ठेवू, की हॉटेल टेक्नॉलॉजीत जायला कोडिंग लागतं. कोड लिहिणारी मुलं हॉटेलांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांकडे आहेत. बंगळुरूची आयडीएस नेक्स्ट १९८७ पासून हेच करते आहे, सुरतेची ईझी, नोएडाची हॉटेलॉजिक्स, आणि मोठ्या हॉटेलांत तुम्ही पाहिलं असेल ते ओरॅकलचं ऑपेरा. यांना कमी पडतो तो असा माणूस, ज्याला ग्रुप चेक-इनच्या वेळी नक्की काय गोंधळ होतो हे माहीत आहे. टूर लीडरची खोली कॉम्प्लिमेंटरी असते पण त्याचा मिनीबार नसतो, हे कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. त्यामुळेच या कंपन्यांच्या ट्रेनिंग आणि इम्प्लिमेंटेशनच्या टीममध्ये फ्रंट ऑफिसमधून आलेली माणसं भेटतात.

एक ताजी आठवण करून देते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, पण त्यावरचं इनपुट क्रेडिट (हॉटेलने खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) गेलं. ७,५०० च्या वर १८ टक्के तसेच राहिले. स्पा, सलून, जिम यांवरचाही १८ वरून ५ वर आला, त्याच अटीवर. पेपरात ही दोन ओळींची बातमी होती. हॉटेलात त्या रात्री कुणीतरी बसून रेट कोड बदलले, आगाऊ घेतलेली बुकिंग शोधली, आणि जो पाहुणा २१ ला आला आणि २३ ला निघाला त्याचं बिल कसं फोडायचं यावर सीएला झोपेतून उठवलं. तुमच्याकडे हे कुणी केलं? मला उत्तराचा अंदाज आहे.

आता जरा गार पाणी ओतते. नाइट नको म्हणून तुम्ही हे शोधताय आणि गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टिम चालू करणं, नेमकं रात्रीच होतं, डे क्लोजनंतर. फील्डवरची इम्प्लिमेंटेशनची नोकरी म्हणजे दोन आठवडे जयपूर, दहा दिवस कोची, मधले चार दिवस घरी कपडे धुवायला. मुलगी झोपायच्या आत घरी असणं ही तुमची पहिली अट असेल (पत्रावरून मला तसंच वाटतं) तर या कंपन्यांतल्या वेगळ्या जागा बघा: घरी बसून दिलं जाणारं ट्रेनिंग, डेमो, जुन्या ग्राहकांना सांभाळणारी टीम. मुलाखतीत पगाराआधी विचारा, ‘महिन्यातले किती दिवस बाहेर? सपोर्टची शिफ्ट असते का?’ विचारायला लाजू नका. आपल्याकडे बायका हे विचारत नाहीत आणि मग सहा महिन्यांनी राजीनामा देतात.

दुसरी वाट हॉटेलाच्याच बाजूने आहे. एकाच मालकाची तीन-चार हॉटेलं असतील तर त्या सगळ्यांचे दर, ओटीएवरची (ऑनलाइन बुकिंगच्या साइटवरची) बुकिंग, सिस्टिम एका जागेवरून बघणारा माणूस लागतो. दर ठरवायची कला तुम्हाला थोडी येत असणारच, कारण लाँग वीकएंडला कुठली खोली किती वेळ धरून ठेवायची हे काउंटरवरच्या माणसाला जनरल मॅनेजरपेक्षा आधी कळतं. ही नोकरी दिवसाची असते. मात्र शनिवार-रविवार फोन हातात.

आता वेलनेस. इथे मी तुमच्याशी जरा भांडणार आहे.

तुम्ही लिहिलंय, ‘निदान तिथे शांतता असेल.’ पाहुण्याला असते हो. आतल्या माणसांना नसते.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मीही तेव्हा नवीन नवीन सल्लागार झाले होते, व्हिजिटिंग कार्डाचा वास जायचा होता. कोकणातल्या एका आयुर्वेद रिसॉर्टने बोलावलं. सगळ्या अपॉइंटमेंट एका वहीत, खाडाखोड, एकाच वेळी एका खोलीत दोन पाहुणे. मी ऐटीत सॉफ्टवेअर बसवून दिलं आणि प्रत्येक ट्रीटमेंट रूमबाहेर स्क्रीन लावली: थेरपिस्टने आत जाताना बोट लावायचं, बाहेर येताना लावायचं. पुढे टॅब आले तेव्हा तेही घ्यायला लावले. सगळं वाया गेलं. चार वेळा जाऊन शिकवलं, तरी नोंदी रिकाम्या. मला वाटायचं, बायका टाळाटाळ करतायत. शेवटी एका थेरपिस्टने काही न बोलता दोन्ही हात माझ्यासमोर धरले. कोपरापर्यंत तेल. अभ्यंग करून ती बाहेर आली होती, पुढचा पाहुणा सात मिनिटांत होता, त्यात खोली पुसायची, चादर बदलायची, तेल गरम करायला ठेवायचं. त्या हाताने स्क्रीन चालत नव्हती आणि हात साबणाने दोनदा धुवायला तिच्याकडे वेळ नव्हता.

मग भिंतीवर एक पत्र्याचा फळा लावला, खोल्यांचे रकाने आखले, थेरपिस्टच्या नावाची चुंबकं केली. ती चुंबकं कोपराने सरकवता येत. रिसेप्शनवरची मुलगी दिवसातून तीनदा येऊन फळा बघून सिस्टिममध्ये भरायची. दोन ट्रीटमेंटमध्ये सात मिनिटांऐवजी वीस मिनिटं सोडली. गोंधळ थांबला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला टेक्नॉलॉजीचा सल्ला म्हणजे तो पत्र्याचा फळा.

हे सांगायचं कारण असं की तुम्ही टेक्नॉलॉजी आणि वेलनेस अशी दोन शिखरं मांडलीत आणि दोन्हींसाठी दोन पदव्या शोधताय. काम या दोन्हींच्या मधल्या फटीत आहे आणि तिथे फार कमी माणसं उभी आहेत.

फट कशी असते ते बघा. हॉटेलच्या सिस्टिमला जेवणाचे चार प्रकार कळतात: ईपी, सीपी, एमएपी, एपी. नुसती खोली, नाश्त्यासह, एक जेवण, दोन्ही जेवणं. आता पंचकर्माला आलेला पाहुणा घ्या. विरेचनाआधी, म्हणजे औषध देऊन पोट साफ करण्याआधी, त्याला तीन ते सात दिवस वाढत्या प्रमाणात तूप प्यायला देतात, आणि दुसऱ्या दिवशीची मात्रा वैद्य पहिल्या दिवशीचं पचन बघून ठरवतात. विरेचन झालं की लगेच भाजी-पोळी नाही. आधी पेया (तांदळाची पातळ पेज), मग विलेपी (घट्ट पेज), असं चढत चढत नेहमीच्या जेवणावर यायचं. म्हणजे किचनला रोज सकाळी प्रत्येक पाहुण्याचा वेगळा निरोप गेला पाहिजे. एपी या दोन अक्षरांत हे कुठे बसवणार? मग काय होतं, वैद्य चिठ्ठी लिहितात, चिठ्ठी शेफच्या खिशात जाते, शेफचा ऑफ असतो, आणि विरेचनाच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यापुढे बुफे. सात रात्रींचं पॅकेज विकलं आणि वैद्य म्हणाले अजून दोन दिवस थांबा, तर खोली पुढे विकलेली.

हे सगळे प्रश्न फ्रंट ऑफिसचे आहेत. रोज सकाळी आठला वैद्य, किचन, हाउसकीपिंग आणि रिसेप्शन यांच्या हातात एकच कागद असावा, एवढं जो नीट लावून देईल त्याला मालक परत बोलावतील.

पण या फटीत उभं राहताना एक कुंपण ओळखा. स्पा वेगळा, पंचकर्म वेगळं. स्पा हे हॉटेलचं खातं आहे. पंचकर्म हे उपचार आहेत आणि ते नोंदणीकृत आयुर्वेद डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवेत. तुम्ही कुणाला काय घ्या, काय सोडा हे सांगायचं नाही, डिप्लोमा केलात तरी नाही. ‘आमच्या रिट्रीटमध्ये डायबेटिस बरा होतो’ असं मालकांना ब्रोशरवर छापायचं असेल तर अडवा, कारण १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात ज्या आजारांवर अशी जाहिरात चालत नाही त्यांच्या यादीत मधुमेह आहे. मालक ऐकणार नाहीत, लेखी द्या.

आणि तुमच्या स्पामधला तो फॉर्म. बीपी आहे का, गरोदर आहात का, ऑपरेशन झालंय का. तो कुठे राहतो? मी पाहिलेल्या दहातल्या आठ ठिकाणी ड्रॉवरमध्ये, कुलूप नसलेल्या. आणि त्याचा फोटो ‘स्पा टीम’ नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, खाली कुणाचा तरी अंगठा. वैयक्तिक माहिती सांभाळण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला. फॉर्म किती दिवस ठेवायचा, कोण बघणार, पाहुण्याची संमती कशी घ्यायची, हे लावून देणं हेही तुमच्यासारख्याचंच काम आहे.

म्हणून डिप्लोमा. मी तुमच्या जागी असते तर हा हप्ता भरला नसता. अभ्यासक्रमाचं पान तुम्ही जोडलंय ते वाचलं. अरोमा, चक्रं, ‘लक्झरी गेस्ट जर्नी’, ब्रँडिंग, आणि शेवटी तुमचा फोटो असलेलं सर्टिफिकेट. त्यांना फोन करा आणि मागच्या दोन तुकड्यांतल्या पाच जणांचे नंबर मागा, फक्त हॉटेलात काम करणाऱ्यांचे. द्यायला खळखळ केली तर उत्तर मिळालं. शिकायचंच असेल तर तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर कैवल्यधाम आहे, १९२४ पासूनचं. तिथे योग आणि निसर्गोपचार जवळून बघता येतील. उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात (गांधीजींच्या पुढाकाराने १९४६ मध्ये सुरू झालेला) पाहुणी म्हणून आठवडाभर राहा. त्याच्या अगदी उलट टोक बघायचं तर मुळशीचं आत्मंतन हे लक्झरी वेलनेस रिसॉर्ट, निदान त्यांच्या वेबसाइटवर पॅकेज कशी फोडून मांडली आहेत ते वाचा. एका आठवड्यात तुम्हाला कळेल की आश्रमात पाहुण्याला शिस्त असते आणि रिसॉर्टवर तीच शिस्त विकत घेतलेली असते, म्हणून तो ती मोडायचा हक्कही मागतो. तुमच्या मालकांना यातलं नक्की काय करायचंय, हे त्यांना स्वतःला ठाऊक आहे का?

टेक्नॉलॉजीच्या बाजूला मात्र एखादं प्रमाणपत्र उपयोगी पडेल. एचएफटीपी या संस्थेचं हॉटेल टेक्नॉलॉजीचं सीएचटीपी आहे, आणि हॉटेलच्या आकड्यांच्या अभ्यासासाठी सीएचआयए हे वेगळं प्रमाणपत्र आहे. घाई नाही. आधी तुमच्याच सॉफ्टवेअर कंपनीचे ट्रेनिंगचे व्हिडिओ पूर्ण बघा. तुमच्या हॉटेलात ते कुणीही पूर्ण पाहिलेले नाहीत, पैज लावते.

राहिली फर्म. सल्लागार हे पद आपलं आपण घ्यायचं नसतं असं मला वाटतं. लोक फोन करायला लागतात, मग त्यांना बिल कसं द्यायचं म्हणून फर्म निघते. माझं पहिलं वर्षभर असं गेलं की तीन हॉटेलांचं काम केलं, पैसे दोघांनी दिले, त्यातल्या एकाने जेवणाच्या कूपनांत. आज तुम्हाला किती हॉटेलवाले ‘जरा येऊन बघता का’ म्हणून फोन करतात? एकही नसेल तर फर्म काढायची वेळ आलेली नाही. तीन असतील तर मी पुढचा परिच्छेद उगाच लिहिला.

तो असा. तुमच्या मालकांना रिट्रीट करायचंय, म्हणजे पहिला ग्राहक तुमच्या समोरच्या केबिनमध्ये बसलाय. एक महिना तुमचा स्पा मोजा. चार खोल्या, रोज दहा तास, तीस दिवस, म्हणजे १,२०० तास विकायला आहेत. त्यातले विकले किती? समजा ३१० निघाले, म्हणजे जेमतेम २६ टक्के. मग रिकामे तास कधीचे ते बघा. माझा अंदाज, सकाळी दहा ते दुपारी चार शुकशुकाट आणि संध्याकाळी पाच ते आठ पाहुणे परत पाठवताय. कितीजणांना परत पाठवलं ते कुणी लिहूनच ठेवत नाही, ते लिहायला लावा. चेक-इनच्या वेळी स्पाचं विचारलं तर किती बुकिंग होतात, न विचारता किती, हे दोन आठवडे करून बघा. आणि खोली, जेवण, ट्रीटमेंट एकत्र करून ११,००० चं पॅकेज केलं तर ७,५०० च्या रेषेचं काय होतं, हे सीएला विचारा. उत्तर त्यांनी द्यायचं, पण प्रश्न तुम्हाला सुचला हे मालकांच्या लक्षात राहील. हे सगळं दोन पानांत मांडा. स्लाइड नकोत.

त्या दोन पानांवर मागायचं एवढंच: सहा महिने रिट्रीटच्या तयारीचं काम माझ्याकडे द्या, दिवसपाळीत, महिन्याला दोनच नाइट. पगारवाढ तेव्हाच मागू नका, सहा महिन्यांनी काय झालं तर किती वाढ, हे मात्र लिहून घ्या. मालक नाही म्हणाले तरी ती दोन पानं तुमचीच राहतात, आकडे काढून टाकले की दुसरीकडे दाखवता येतात. पाहुण्यांची यादी मात्र पेनड्राइव्हवर घेऊन निघू नका. हे सांगावं लागतं, कारण लोक नेतात.

कोकणात आणि गोव्यात वीस-तीस खोल्यांची हॉटेलं पुष्कळ आहेत, ज्यांना पूर्णवेळ सिस्टिमचा माणूस परवडत नाही आणि ज्यांचा मालक रात्री अकराला ओटीएवर स्वतः दर बदलत बसतो. दोन-तीन वर्षांनी तुमचे फोन तिथून येतील. तेव्हा फर्म काढा, मी उद्घाटनाला येईन.

सासऱ्यांवर रागावू नका. रात्री दोनला घरी येणाऱ्या सुनेची काळजी बीएड या शब्दातून बाहेर पडतेय. बीएड दोन वर्षांचं, पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग अभियोग्यता चाचणी, मग भरतीची वाट, हा हिशेब त्यांच्यासोबत बसून एकदा कागदावर करा, वाद न घालता. आणि हेही सांगा की नव्या कामातलं अर्धं काम शिकवण्याचंच आहे. पन्नाशीच्या हाउसकीपिंग सुपरवायझरला, ज्यांनी आयुष्यभर खडूने पाटीवर खोल्या लिहिल्या, त्यांना मोबाइलवर ‘क्लीन’ कसं दाबायचं ते न चिडता शिकवायचं. शाळा वेगळी आणि काय असते?

तुमच्याकडे पुढच्या महिन्याचं रोस्टर २५ तारखेला लागतं असं लिहिलंय. मालकांची वेळ त्याच्या आधीची घ्या, आणि सकाळची घ्या. नाइट करून थेट केबिनमध्ये जाऊ नका, घरी जाऊन झोपून या.